करंजाखालची खूण

४ मे
नारळ हातावर उभा राहिला आणि माझं सगळंच बदललं!

क्षिप्रासमोर! कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच दिसली. तिच्या बाबांनी इथे डोंबिवलीत, खाडीकडे प्लॉट घेतलाय. बोअरला पाणी लागलं तर ठाण्याचा वर्तकनगरमधला फ्लॅट विकून इथे घर बांधणार. नाही तर प्लॉट विकून नाशिकला, तिच्या दादाकडे.

म्हणजे पाणी लागलंच पाहिजे!

पाणी शोधायला तळहातावर नारळ आडवा धरून प्लॉटभर फिरलो. ती करंजाखाली उभी होती. तिथेच नारळ उठला! "अरे, तुझ्या हातात काहीतरी आहे रे!" ती ओरडली. मी चुन्याच्या फक्कीने खूण केली. तिचे बाबा म्हणाले, "डिग्री नाही घेतली, पण नारळ बरा धरतोस." डोकं सणकलं. ती हसली म्हणून गप्प बसलो.

५ मे
कालचीच खिचडी. एकटाच. घरात बोलायला पंखा.

७ मे
तिच्या बाबांना खात्री हवी. प्रफुल्लदादाचं मशीन नेलं — बोअरची गाडी त्याचीच, मी त्याच्याकडेच कामाला. सळ्या ठोकल्या, वायरी ओढल्या, जमिनीत करंट सोडला. रेझिस्टन्सचं रीडिंग फारच कमी. करंजाखाली सगळ्यात कमी. इतकं कमी म्हणजे खारं पाणी. शेजारच्या बोअरचं पाणी तोंडात घेऊन बघितलं. थू! खाडीच!

"काय रे, आहे ना पाणी?" तिच्या बाबांनी विचारलं.
"आहे," म्हणालो.
खारं आहे हे नाही म्हणालो. सरोजकाकू, तिची आई, लगेच मोगऱ्याची जागा ठरवायला लागल्या.

८ मे
प्रफुल्लदादाला सांगितलं. "पाणी लागल्याशी मतलब! चव बघायला आपलं काय हॉटेल आहे?" त्याला शिव्या घातल्या. मग स्वतःला. नारळ पाण्यासाठी उठलाच नव्हता. ती तिथे होती म्हणून माझंच मनगट फिरलं.

१० मे
तिचा मेसेज — "उद्या गाडी ना? आईने पूजेचं सगळं आणलंय. पहिला तांब्या तुझा!"

तोच तांब्या नंतर ती पिणार.

११ मे
सकाळीच तिच्या बाबांना फोन लावला. उचलला तिने. सांगून टाकलं — "गाडी नको. खाली खारं आहे. मला परवाच कळलेलं... नाही, त्याच्याही आधी."

ती म्हणाली, "म्हणजे नाशिक."

फोन ठेवला तिने.

करंजाखालची फक्की पुसायला निघालोय. दार ओढून घेतो.