माघारी आलेली तिरडी

टेंभुर्णी

तीर्थस्वरूप चतुराअक्कास,

धाकट्या कचरूचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मंठ्याच्या त्या डॉक्टरच्या गोळ्यांनी फरक पडला नसेल तर त्याच्या दारातच जाऊन बस. तुला बघून तोच काहीतरी करील. इकडे सर्व खुशाल. मी गेल्या मंगळवारी वारलो, पण तब्येत उत्तम आहे.

घाबरू नकोस, नीट वाच. आपल्या गावात टीव्हीवाले आले होते. त्यांच्या विनोदी मालिकेत एक भाग होता: बाप मरतो आणि त्याच्या उशाशी बसून दोन पोरं टीव्हीचा रिमोट कुणी घ्यायचा यावरून भांडतात. (यात हसायचं काय ते मला कळलं नाही. आपल्या शेजारी हे खरंच घडलंय.) मेलेला बाप करायला शहरातून आणलेल्या नटाने आदल्या रात्री आपला ठेचा भाजीसारखा ओरपला, आणि सकाळी तो एका जागी पडून राहण्याच्या अवस्थेत उरला नाही. तेव्हा आमच्या सूनबाई शीतल पुढे झाल्या. म्हणाल्या, "आमच्या मामांना घ्या की. रोज दुपारी तेच करून राह्यलेत." सगळा जन्म मास्तरकीत गेला अक्का, पण इतका वेळ तोंड मिटून मी पहिल्यांदाच पडलो.

मालिकेची दिग्दर्शक गंधालीबाई. वयानं शीतलएवढी, पण आवाज तहसीलदाराचा. तिने तिरडी बांधायला गावातला माहितगार माणूस मागितला आणि तिथेच ती चुकली. कोण येणार? आपल्या भावकीतले रामरावतात्या. (पंच्याऐंशीचे झाले. गावातली एकही तिरडी त्यांच्याशिवाय उठत नाही. स्वतःची तेवढी लांबणीवर टाकलीय.) मला वेशीपर्यंत न्यायचं आणि खाली ठेवायचं, एवढंच काम होतं. वेस आली, बाई ओरडली, "कट!" कुणी थांबेना. ती मागून धावत, "काका, झालं, ठेवा ना खाली!" तात्या वळलेसुद्धा नाहीत. "बाई, उचललेली तिरडी माघारी फिरत न्हाई. जल्दी चला रे!" मागे बायका खऱ्याखुऱ्या रडत होत्या. उषाबाईने तर माझे असे गुण गाऊन गळा काढला की मलाच भरून आलं. (जिवंतपणी तिने मला कधी रामराम घातलेला नाही.)

खरं सांगतो अक्का, तोवर मला मजाच वाटत होती. पण तात्यांचं ते वाक्य कानावर पडलं आणि पडल्या पडल्या माझं डोकं फिरलं. आईच्या वेळी हेच शब्द, हाच आवाज. आईची तिरडी वेशीत पोचली आणि तुझी एसटी फाट्यावर आल्याचा निरोप आला. बायांना मसणात येता येत नाही, म्हणून मी हातापाया पडून सांगत होतो की माघारी घ्या, अक्काला तोंड बघू द्या. तात्यांनी नियम काढला, आणि तुला आई दिसली नाही. ते मी कधी विसरलो नाही.

अर्ध्या वाटेवर विसावा असतो, तिथे त्यांनी मला टेकवलं, आणि मी उठून बसलो. खांदा देणाऱ्यांतला माऊली कपाशीत पळाला, तो संध्याकाळी सापडला. तात्या मात्र ढिम्म. म्हणाले, "पड गप. सोपस्कार झाल्याबिगर उठायचं न्हाई."

मी म्हटलं, "तात्या, मेल्या माणसाची शेवटची इच्छा मोडू न्हाई, हा नियम कुणाचा?"

"आपलाच."

"बराबर. मंग माझी इच्छा हाय, मला घरी न्या. बसल्या बसल्या."

सगळं गाव बघत होतं. शेवटी त्यांनीच पुढच्या बांबूला हात घातला आणि म्हणाले, "फिरवा."

काय सांगू तो थाट! गळ्यात हार, कपाळाला गुलाल, पुढे हलगी, आणि मी तिरडीवर मांडी घालून बसलेलो. लग्नात मला घोडा मिळाला नव्हता, ती कसर निघाली. दारात शीतलने भाकरतुकडा ओवाळून टाकला. गंधालीबाईने कॅमेरा पुन्हा चालू करायला लावला होता; तिने लिहून आणलेला शेवट सोडून दिला आणि हाच ठेवला. टेंभुर्णीत माघारी आलेली ही पहिली तिरडी, आणि ती तुझ्या भावाची!

बाकी घरात सगळे जिवंत आहेत, मला धरून.

तुझा धाकटा,
कचरू

ता. क. तो भाग परवा दाखवला. माझं तोंड हारात झाकलं गेलंय, पाय मात्र छान आलेत. शेवटी नावही आलं, 'प्रेत: कचरू मास्तर'.

ता. क. २: आईच्या तेराव्याला तू उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होतीस, "आता तुझ्या मयतीलाच येईन." झाली मयत. गाव साक्षीला आहे. तुझा शब्द मोडत नाही, आता ये. खऱ्या मयतीची वाट बघशील तर तुला तांब्याभर पाणी द्यायला मी उठणार नाही.

ता. क. ३: तिरडी अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. मोडू का, म्हणून तात्या रोज विचारतात. मी म्हणतो, थांबा. अक्का यायची आहे.