मागे ओतलेलं पाणी

३ मार्च
आले एकदाची! स्फाक्सची प्रयोगशाळा मागे पडली आणि गाबेसजवळच्या या गावात माझं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं. मबरूकाखालांकडे भाड्याने खोली मिळाली, वर जेवायला तिखटजाळ कुसकुस. माझी काळी भुकटी बघून त्या म्हणाल्या, "अगं बाई, कोळशाने कुणी पाणी धुतं का?" मी समजावलं, केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्या आहेत, त्यांना साखरेची कडी जोडलीत, पाण्यातलं विष त्या कड्यांत जाऊन बसतं. त्यांनी मान डोलावली. पटलं काही नाही.

९ मार्च
पाणी नितळ येतंय. गावातली मुलं नळाला ओंजळ लावून पितात. मला बघवत नाही. माझी लेक युस्रा सहा वर्षांची होती. विहिरीच्या असल्याच पाण्याने तिची मूत्रपिंडं गेली. भुकटी जमली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

१५ मार्च
आज भुकटी पहिल्यांदा स्पिरिटने धुतली. धुतली की अडकलेलं विष सुटून बाटलीत उतरतं. त्या धुवणाला नारिंगाच्या फुलांचा वास होता. युस्राच्या केसांना मी तेच फुलपाणी लावायचे. इथे तर खताच्या कारखान्याचं सांडपाणी येतं.

१८ मार्च
बाटलीतून खोकला ऐकू आला. तिचाच.

खालांना सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की युस्राचा जनाजा निघाला तेव्हा मी उंबऱ्यातून मागे वाटीभर पाणी ओतलं होतं. प्रवासाला निघालेल्याच्या मागे ओततात, तो परत यावा म्हणून. मी वेडीने मय्यताच्या मागे ओतलं. खालांनी कपाळावर हात मारला. "काय केलंस गं बये! ती पोर तेव्हापासून चालतेय!"

२१ मार्च
पाण्यातून घरीच येत होती ती. माझ्याच भुकटीने अडवली, विषासकट. दोन्ही वेगळी होत नाहीत. तीनदा करून पाहिलं —

२२ मार्च
खाला म्हणतात, मातीत ओतून टाक. कशी ओतू? एकदा पुरलीय मी तिला.
यंत्र काढलं तर ती विषासकट घरोघरच्या नळांत जाईल. ती ओंजळ लावणारी मुलं — नाही.

२३ मार्च
बाटली कोमट लागते. आतून बोटं — "उम्मी, तहान लागली."
मलाही, बाळा.
बाटली पेल्यात ओतलीय. कडू असेल. तुलाही मी औषध नाक दाबून पाजायचेच ना, एका घोटात —
ये, कडेवर ये. आता तुला कुठेच चालावं ला