फक्त माल दिसला पाहिजे

३ तारीख, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस चांगला गेला. दादाने फोर्कलिफ्टवरूनच साऱ्या वखारीला ओरडून सांगितलं, की ही माझी धाकटी बहीण, आता वरून सगळ्यांवर नजर आहे, कामचुकारांनी जपून राहा. हमाल हसले. मापाडीकाकांनी, म्हणजे लाकडाची मापं घेणाऱ्या काकांनी, डब्यातली अर्धी भाजी माझ्या ताटलीत लोटली आणि वर बारीक झालीस म्हणून खेकसले.

माझी जागा म्हणजे वखारीतच जिन्यावर उभारलेली काचेची केबिन. समोरच्या भिंतीवर कॅमेरा. साहेबांना हेड ऑफिसात बसून लाकडाच्या थप्प्या मोजायच्या असतात आणि मध्ये माणसं कडमडलेली चालत नाहीत. म्हणून कॅमेऱ्यावर काळी काच चढवून एक्सपोजर लांबवायचं. डोळा बराच वेळ उघडा राहिला, की चालती-फिरती माणसं पुसली जातात आणि जागची न हलणारी लाकडं तेवढी उमटतात. साहेब फोनवर वेळ सांगतात, मी ती कॉम्प्युटरवर टाकते, आणि नेमकी त्या वेळची फ्रेम साठ्यातून बाहेर येते. माणसांनी गजबजलेली वखार फ्रेममध्ये अगदी ओस. आमचे हे गेल्यापासून, वर्ष होत आलं, मला घरही असंच दिसतं.

वहिनीने विचारलं, कसं वाटलं. काहीच वाटलं नव्हतं, पण तिने इतक्या हौसेने विचारलं होतं, की छान म्हणून टाकलं.

६ तारीख, गुरुवार

साहेबांचा फोन. दुपारच्या फ्रेममध्ये माणूस आलाय म्हणे, कामात लक्ष द्या. फ्रेम पुन्हा काढून पाहिली. सागाच्या थप्पीपुढे मापाडीकाका, हातात टेप, शर्टाची बटणंसुद्धा मोजता यावीत इतके स्पष्ट. त्या वेळी मी त्यांना काचेतून पाहत होते. ते टेप ओढत येरझाऱ्या घालत होते आणि हमालांना फैलावर घेत होते. एकदाही थांबले नव्हते.

एक्सपोजर आणखी लांबवलं. थप्प्या पांढऱ्याफटक पडल्या. काका तसेच.

७ तारीख, शुक्रवार

मापाडीकाका थांबले. दुसरा शब्द सुचत नाही. माप घेता घेता थांबले. डोळे उघडे, श्वास चालू, हाकेला ओ नाही. हमाल लांबच उभे राहिले. दादा पुढे झाला आणि काकांची मूठ दोन्ही हातांनी धरून टेप सोडवली. मग दवाखान्यात नेलं. सगळे हळहळले. मीही तोंडदेखलं चुकचुकले.

८ तारीख, शनिवार

काका सकाळी उठून बसले, चहा मागितला, डॉक्टरांवर खेकसले. झालं काय ते त्यांना ठाऊक नाही. दादा म्हणाला, जुनं खोड आहे, इतक्यात मोडायचं नाही.

कालच्या फ्रेम ओळीने काढल्या. दादाने मूठ धरली तोवर काका स्पष्ट आहेत. पुढच्या फ्रेमपासून ते नाहीत. त्यांच्या जागी धुरकट काहीतरी. हिरवं. दादाने काल हिरवा शर्ट घातला होता.

१० तारीख

दादाचा चेहरा उमटलाय. काचेतून पाहिलं तर तो फोर्कलिफ्ट फिरवतोय. एक्सपोजर पार खाली आणलं. वखार काळी झाली. त्या काळोखात एकटा दादा उजळ.

जेवताना त्याचा घास हातातच राहिला. वहिनी हसली, म्हणाली, बसल्या बसल्या झोपलात की काय. त्याने घास तोंडात घातला. फार वेळ चावत होता.

११ तारीख

दादाला फ्रेम दाखवली. म्हणाला, झकास आलाय फोटो, तुझ्या वहिनीला दे. सुट्टी घे म्हणून हातापाया पडले. ऐकलं नाही.

हे गेल्यापासून मला पहिल्यांदा भीती वाटली. खरीखुरी भीती.

१२ तारीख

दादा थांबला. गाडी चालू, हात स्टिअरिंगवर. कोणी शिवू नका म्हणत जिना उतरले आणि मीच त्याची बोटं एकेक करून सोडवली. गार होती. आपण काय करतोय ते मला कळत होतं. वाटलं, मी तशीही वर्षभर थांबलेलीच आहे, माझं काय जायचंय.

दवाखान्यात न्यायच्या आतच दादाने डोळ्यांची उघडझाप केली. विचारलं, रडतेस कशाला.

१३ तारीख

केबिनची काच फ्रेमच्या कोपऱ्यात येते. आत धुरकट काही —

कोणाला सांगितलं नाही.

१४ तारीख

वहिनीने चमच्याने भरवलं, तिचा हात लागू दिला नाही. बोलणी लांबून येतात. दादाला जवळ येऊ दिलं नाही. चिडला —

१५

आत्ताची फ्रेम काढली. काचेआड मी. वही, पेन, पेन धरलेली बोटं, सगळं स्पष्ट. इथे पेन हलतंय. तिथे —

खाली दादा कोणाची तरी टर उडवतोय. काका खेकसताहेत. सगळे हसताहेत. मलाही हसू येतंय. वर्षाने. मला खाली जायचंय. मला त्यांच्यात —

हाक मारतोय. मी ओ देत नाही.

जिना वाजतोय. दादा. त्याने मला हात लावता कामा नये. दाराला कडी घालायची राहिली. उठून कडी —

पाय —

उठते आ