फ्रीजरची किल्ली माझ्याकडेच

३ फेब्रुवारी २०२५
विभागप्रमुख ललित सर म्हणाले, मॅडम, संशय तोंडी नको, लेखी द्या. म्हणून ही वही. पुरावा जमेपर्यंत कोणाला दाखवायची नाही.
संशय असा. कॉलेजात नवी योजना आली आहे. विद्यार्थ्याने डॉक्टरही व्हायचे आणि संशोधकही. निवड एकीचीच. जागृती, तळोद्याच्या वरच्या पाड्यावरची. एक ना धड, भाराभर चिंध्या; हिच्या हातून काहीतरी गडबड होणारच. (मी स्टोअर आणि मुलींचे वसतिगृह दोन्ही सांभाळते, ती गोष्ट वेगळी.)
प्रयोगशाळेला रंग देणे चालू आहे, म्हणून तिचा फ्रीजर आजपासून माझ्या स्टोअरमध्ये. आत सिकलसेल आजाराच्या अभ्यासासाठी रक्ताच्या ४७ नळ्या.
५.४० वा. सर्व बटणे बंद. कुलूप. रजिस्टरला सही.

४ फेब्रुवारी, सकाळी ९
बटणे सुरू केली. फ्रीजरखाली पाणी. म्हणजे कोणीतरी आत शिरले होते. शिपाई नवलसिंग म्हणाला, "मॅडम, फ्रीजर रडी ऱ्हायना." फ्रीजर रडतोय म्हणे! आणि हसला. हाही सामील असावा.
५.४०. बटणे बंद. कुलूप दोनदा ओढून पाहिले.

६ फेब्रुवारी
पुन्हा पाणी.
जागृती गेल्या महिन्यापर्यंत दर गुरुवारी डबा घेऊन जीपने डोंगरात जायची. विचारले, डब्यात काय? "बर्फ, मॅडम." आणि येताना? "रक्त, मॅडम." उत्तरे फार तयार आहेत.
लोक रक्त द्यायला घाबरत होते म्हणे. पहिला हात तिच्या आईने, कालीबाईंनी पुढे केला, मग बाकीच्यांनी. २० तारखेला योजनेची समिती नमुने तपासणार. खराब निघाले तर संशोधनाची जागा गेली. मग ही एवढी शांत कशी?
आजपासून दुसरे कुलूप.

१० फेब्रुवारी
शनिवारी जाताना दारात पीठ पसरले होते. आज ठसे सापडले. एकाच चपलेचे, आत येणारे आणि बाहेर जाणारे. चोराने मुद्दाम माझ्यासारखीच चप्पल घेतली आहे. शहाद्याच्या बाजारात कुठेही मिळते.

१२ फेब्रुवारी
फ्रीजरमध्ये अंगठ्याएवढे यंत्र. लाल दिवा लुकलुकतो. माझे बोलणे टेप होत असणार. जप्त केले. आता सुटत नाहीत.

१३ फेब्रुवारी, दुपारी ३
ललित सरांसमोर यंत्र ठेवले. ते तापमान नोंदवते म्हणे. कॉम्प्युटरवर आलेख काढला. रोज ५.४० ला रेघ वर चढते, सकाळी नऊला उतरते.
मी म्हटले, घ्या, चोराची वेळ सापडली.
सर म्हणाले, मॅडम, त्या वेळी स्टोअरमध्ये कोण असते?
मी रजिस्टर उघडले. वेळ रोज तीच. सही रोज तीच.
निघताना बटणे बंद करणे ही चाळीस वर्षांची शिस्त आहे. तसे सांगितले. नवलसिंग या वेळी हसला नाही.
जागृतीला विचारले, आता? म्हणाली, "परत वर जाईन, मॅडम. आई आधी हात पुढे करेल. बाकीच्यांचं बघू."

१४ फेब्रुवारी
सुपूर्द केले ते असे.
नवलसिंगला: किल्ल्यांचा जुडगा एक. कुलपे दोन. रजिस्टर एक, शेवटचे पान वाचनीय.
ललित सरांना: लेखी संशय. एक ओळ, खाली माझे नाव.
जागृतीला: यंत्र एक. नळ्या ४७, निकामी. मोजून घेतल्या नाहीत, माझ्यावर विश्वास आहे म्हणाली.
तिलाच: माझा मोठा थर्मास एक, बर्फासाठी. परत मिळावा.