एक चूल, एक मत

वालचंदनगर,
आश्विन शुद्ध सप्तमी, शके १८५९

प्रिय दादा,

तुझा गडी जोतीराम काल दिवेलागणीला गाडी घेऊन पोहोचला. आदली रात्र त्याने लासुर्ण्यात काढली होती. बैलांना वैरण घातली, त्याला भाकरी वाढली, मग तू त्याला काय बजावलंस ते त्याने सांगितलं. 'दसऱ्याला मंडळाची सभा हाय, अध्यक्ष निवडायचा हाय. आईला घेऊन ये. दुखणं असलं तर गाडीत कडबा आंथर, पर आणल्याबिगर येऊ नगंस.' तुझा आवाज मला ऐकू आला. कडब्याची सोय आठवणीने सांगितलीस, खरंच मातृभक्त आहेस! गाडी उद्या पहाटे परत निघेल आणि दसऱ्याच्या सकाळी पणदऱ्यात पोहोचेल. तिच्याबरोबर हे पत्र येईल. सावकाश वाच. अक्षर वाईट आहे, पण ते तूच शिकवलेलं आहे. पोरीच्या जातीला कशाला शाळा, असं आबा म्हणत असताना तू मला हाताला धरून मास्तरांपुढे बसवलंस. त्या एका गोष्टीसाठी मी तुला जन्मभर दुवा दिला. आज तुला त्याचा पस्तावा होईल.

तुझं मंडळ निघालं तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता, ते आधी सांगते. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, आणि त्या पाण्यामागून हिवतापही आला. घरटी एक माणूस वाकळेखाली कुडकुडत पडलेलं असायचं. आपले आबा त्यातच गेले. त्यांच्या दिवसांत तू चावडीवर माणसं गोळा केलीस आणि म्हणालास, सरकारची वाट बघत मरण्यापेक्षा आपलं औषध आपण आणू. बारामतीहून औषधांची पेटी आली, बाजारच्या दिवशी डॉक्टर येऊ लागले, घरोघर कोयनेलच्या गोळ्या गेल्या. इथं आमच्या चाळीत मी ज्याला त्याला सांगत सुटायची, आमच्या दादानं आरोग्य मंडळ काढलंय म्हणून. माणसं वाचली, दादा. ते मी नाकारत नाही. तू नुसता वाईट माणूस असतास तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं.

मग नियम आले. एकजण सभासद व्हायचा आणि त्याच्या नावावर सगळी आळी गोळ्या खायची, पेटी महिन्याच्या आत रिकामी. त्यावर तू तोड काढलीस. एक चूल, एक सभासद, एक मत. ज्या चुलीवर शिजतं त्या चुलीवर जेवणाऱ्यांनाच औषध. सभासद दुसऱ्याच्या चुलीवर जेवताना आढळला, किंवा त्याची चूल पेटेनाशी झाली, तर त्याचं नाव कमी. गावाने वाहवा केली. कोणाच्या घरात किती चुली हे बायकांना पाठ असतं, तिथं लबाडी चालायची नाही. नियम चांगला होता, मी आजही म्हणेन. गावासाठी केलेला नियम तू आईवर चालवलास, एवढंच माझं म्हणणं आहे.

मग अध्यक्षाच्या निवडणुकीला गावातले आबासाहेब तुझ्याविरुद्ध उभे राहिले आणि तुझी झोप उडाली. ते मोठ्या भावकीचे, त्यांच्या चुली जास्त. तुझी बाजू अगदी काठावर. तेव्हा तुला आठवलं की आपलं घर एक, चूल एक, म्हणजे मतही एकच. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तू एकाच घरात तीन केल्यास! एक तुझी, एक धाकट्या महिपतीची, एक आईची. आपल्याकडे चूल वेगळी होते ती भाऊबंदकी पेटल्यावर. शेजारणी येऊन डोळे पुसतात, म्हातारी माणसं मध्यस्थी करतात. तू हसतहसत वेगळी केलीस आणि वर पानसुपारी वाटलीस. महिपतीच्या बायकोला तर हवंच होतं. आईला गोठ्याच्या कडेची पडवी मिळाली, एक तवा, एक परात आणि पिठाचा डबा मिळाला. तिला ती पोरांची भातुकली वाटली. 'सभा झाली की मोडायचीच हाय,' असं ती मला म्हणाली होती. सभा झाली, तू अध्यक्ष झालास, पण आबासाहेब काही दुधखुळे नव्हते. त्यांनी त्याच सभेत ठराव मांडला की वेगळ्या झालेल्या चुली खऱ्या की खोट्या हे दोन पंचांनी वर्षभर फिरून बघावं. तुझाच नियम, तू नाही कसा म्हणणार? उलट हात वर करून तूच पहिला मान्य केलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या आवाजात आईची चूल कायमची वेगळी झाली.

हे सगळं मला नागपंचमीला माहेरी आले तेव्हा कळलं. मी पाय धुऊन आत गेले तर द्वारकावहिनी तुझ्या चुलीवर पुरणाची दिंडं उकडत होती, सगळ्या घरभर गुळाचा वास. आईला हाक मारली तर आवाज गोठ्याकडून आला. ती चुलीपुढे बसली होती, डोळ्याला नीट दिसत नाही म्हणून हाताने चाचपत भाकरी उलटत होती, आणि बोटं पोळलेली. अंगात ताप फणफणत होता. मी वहिनीला विचारलं, सणाचं एक दिंड तरी आईला का दिलं नाहीस? ती पदराने डोळे पुसत म्हणाली, 'वन्सं, माज्या हातात काय हाय? पंच कवाबी येत्यात. मागं वाटीभर आमटी दिली तर ह्यांनी मला दोन दिस घालूनपाडून बोलून खाल्लं.' वहिनीचं रडणं खरं होतं, पण तिने दिंड काही उचललं नाही. आईला कोयनेल मात्र वेळच्या वेळी मिळत होतं. सभासदाच्या औषधात तू कसूर ठेवली नाहीस. रिकाम्या पोटी कडू गोळी गिळायची आणि भिंतीला टेकून त्या गोळीने कानात घुमणारा आवाज ऐकत बसायचं, हा तिचा औषधोपचार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. आई तापाने उठूच शकली नव्हती. जोतीराम ओल्या गोवऱ्या घेऊन आला, तिच्या चुलीत घातल्या, फुंकून फुंकून पेटवल्या आणि निघाला. चुलीवर तवा नाही, भांडं नाही, काही नाही. पडवी धुराने भरली, आई खोकून खोकून निळी झाली. मी त्याला अडवलं तर म्हणाला, 'मालकांनी सांगितलंय, आक्का. धूर दिसाया पायजे.' तेवढ्यात रस्त्यावरून पंच गेले, त्यांनी कौलांवरचा धूर बघितला आणि समाधानाने पुढे झाले. आई मला काय म्हणाली, ऐकायचंय? 'ऱ्हाऊ दे गं. पोराची खुर्ची ऱ्हाती तेवढ्यानं. आन् मला कुटं भूक लागती आता?' तुझी आई उपाशी होती, दादा, आणि तू तिच्या चुलीतून धूर काढून घेत होतास. मी ओसरीवर येऊन चार माणसांत तुला बोलले. तू टोपी सारखी केलीस आणि म्हणालास, 'नियम सगळ्यांस्नी सारखा. माझी आई म्हणून सवलत दिली तर उद्या गाव काय म्हणंल?' बसलेल्यांनी माना डोलावल्या. काय निःस्पृह माणूस! मला त्या क्षणी तुझी शिसारी आली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी तिला घेऊन निघाले तेव्हा तू अडवलं नाहीस, कारण त्याचाही नियम तयार होता. सभासद तीन महिने गावाबाहेर राहिला तर नाव जातं. 'त्याच्या आत आणून सोड,' एवढंच म्हणालास. आईने ते माझ्यापेक्षा पक्कं लक्षात ठेवलं. इथं आल्या दिवशी मी ताट वाढलं तर ती हात लावीना. तुझ्या चुलीवरचं खाल्लं तर माझं नाव जाईल, म्हणाली. इथं कोण पंच बघायला येतोय, मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, 'देव बघतो की. आन् माज्या लेकाला, सर्जाला खोटं पाडू व्हय मी?' शेवटी माझ्या मालकांनी क्वार्टरच्या मागे, कपडे धुण्याच्या दगडाशेजारी, तिला तीन धोंडे मांडून दिले. ती तिथं बसायची. मी आत भाकरी भाजायची, पदराखाली लपवून न्यायची आणि तिच्या तव्यावर टाकायची. तिला दिसत नव्हतं ते देवाने बरं केलं. घास घेतला की म्हणायची, 'बघ, माज्या हातची चव अजून गेली न्हाय.' मी तोंड फिरवून उभी राहायची. इथल्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे, अंगात रक्त नाही, म्हणाले. बाहेर आल्यावर मला विचारलं, यांना औषध भरपूर मिळालेलं दिसतं, अन्न कोण देत नव्हतं? तुझं नाव घ्यायची मलाच लाज वाटली.

आईचं काही खरं नाही, येऊन जा, असा मी तुला निरोप पाठवला. बारामतीच्या बाजाराला पेरू घेऊन जाणाऱ्या बागाईतदाराकडे पहिला दिला, तो तुला पोहोचला, त्याने शपथेवर सांगितलं. तू आला नाहीस. दुसऱ्या वेळी माझे मालक स्वतः आले, कारखान्यातली पाळी बुडवून. घरचा जावई दारात उभा, आणि तू मंडळाच्या लोकांत बसून दसऱ्याला कोणाला कुठे बसवायचं ते ठरवत होतास. त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाहीस. वर म्हणालास, 'सभेच्या तयारीत हाय. सभा झाली की येतो. आईला म्हणावं, तवर दम धर.' त्यांनी ते मला हळू आवाजात सांगितलं, पण आई जागी होती. तिने अंधाराकडे तोंड करून उत्तर दिलं, 'व्हय, धरते की.' तुझ्यावर रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला रागावता येत नव्हतं, ते सगळं माझ्या वाट्याला आलं आहे.

तिने दम धरला नाही, दादा. तुझा शब्द तिने मोडला तो एवढाच. गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, माझ्या मांडीवर आई गेली. अग्नी माझ्या मालकांनी दिला. दहावा झाला, तेरावा झाला, पितृपंधरवडाही सरला. तुला कळवलं नाही. मालक रोज म्हणत होते, काही झालं तरी थोरला मुलगा आहे, कळवायला हवं. मी कळवू दिलं नाही. मला माहीत होतं, दसरा जवळ आला की तू गाडी पाठवशील. आईसाठी नाही, मतासाठी. तशी ती आली. जोतीराम काल ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. त्याला मी आईची शपथ घातली आहे, तू सांगशील तेच तो गावात सांगेल, पणदऱ्यात दुसऱ्या कोणाला हे माहीत नाही, महिपतीलासुद्धा नाही. इथल्या भटजींना मी विचारून घेतलं. आईबापाचं सुतक मुलाला ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून लागतं. म्हणजे ते तुला या ओळींपासून लागलं. तू हे वाचशील तेव्हा दसरा असेल. औषधांच्या पेटीची पूजा अध्यक्षाच्या हातची, बारामतीहून साहेब येणार, हार आणले असतील. आता डोई-मिशा उतरवून कोपऱ्यात बैस, म्हणजे आबासाहेब तुझ्या खुर्चीत बसतील. नाहीतर हा कागद घडी करून खिशात घाल, सुतकाच्या हातांनी पेटीला हळदकुंकू वाहा, आणि आईचं विचारलं तर प्रवास झेपला नाही म्हणून सांग. मी विचारायला येणार नाही. तू काय करशील ते मला माहीत आहे. ते तुझं तुलाही कळावं, म्हणून हे पत्र लिहिलं.

तुझीच, तू लिहायला शिकवलेली,
फुला