बारवेचा निरोप

सोमवार, ता. ८ जानेवारी १९४५. मु. बोरजाई

आज सामानासह पोहोचलो. वडूजहून फाट्यापर्यंत मोटार आणि पुढे कडब्याच्या गाडीवर. कंबर धरली आहे, पण मन खुशीत आहे. कचेरीत शिपाई होतो तेव्हा साहेबांची दारे राखली, आता म्हातारपणी सरकारने ही जुनी बारव राखायला दिली. काठावर निळी पाटी आहे. हे बांधकाम संरक्षित आहे, नासधूस करणारास शिक्षा होईल, असे लिहिले आहे. माझी शाळा चौथीतच सुटली, पण पाटी सावकाश वाचली आणि सगळी समजली.

बारव फार सुंदर आहे. रुंद काळ्या पायऱ्या खाली उतरत जातात, मध्ये कमानी आहेत, कमानींवर हत्ती कोरले आहेत आणि तळाशी हिरवे पाणी आहे. दगडांच्या फटीतले गवत उपटायचे, शेरडे खाली उतरू द्यायची नाहीत, कोणाला दगडात नाव कोरू द्यायचे नाही, एवढेच काम. राहायला काठावर खोली आहे, तिच्यात बाज आणि चूल आहे. कौले तपासली. एक फुटके आहे. पाऊस नाही तरी जीवाला घोर लागला.

बायको बनुबाई गेल्यापासून वडूजच्या घरात मला घास उतरत नव्हता. मुलगा हंबीरराव पलटणीत, ब्रह्मदेशाकडे. इथे निदान काम तरी आहे.

गुरुवार, ता. ११

गावातली हरणाबाई भाकरी घेऊन येते. वयाने माझ्याएवढीच आहे, तोंड मात्र तिखट. आज पाटीकडे बघून म्हणाली, सरकारनं दगुड राखाया मानूस ठेवला, मानसं राखाया कुनी न्हाई. मी हसलो. ती हसली नाही.

जाताना तिने बारवेकडे तोंड केले आणि चक्क "जातो" म्हणाली. बाईमाणसाने जातो म्हणावे याचे नवल वाटले, आणि त्याहून त्या शब्दाचा राग आला. घरातून निघताना जातो कोणी म्हणते काय? जातो म्हणजे कायमचा जातो. मी तिला तसे बोललो. तेव्हा ती जवळ येऊन हळू म्हणाली,

"आवं, हितं बाईबी जातोच म्हनती. हितनं निघताना येतो म्हनायचं न्हाई. म्हनलं की ते धरून बसतंय."

ते म्हणजे कोण, विचारले. तिने पदर सावरला आणि गेली.

माझा मुलगा लढाईवर आहे. मी जातो म्हणणार नाही. माझ्या तोंडचा अभद्र शब्द त्याला कुठे लागायचा.

सोमवार, ता. १५

संक्रांतीचा तिळगूळ हरणाबाईने दिला. बाकी कोणी इकडे फिरकले नाही.

रोज गवत काढून वर येताना मी सवयीने येतो म्हणतो. आज दुपारी म्हणालो तर खालून "या" असे उत्तर आले. आधी वाटले आवाज घुमला. पण येतो या शब्दाचा घुमून या कसा होईल? म्हाताऱ्या माणसाचा, मऊ आवाज होता.

खरे लिहितो, बरे वाटले. मी घरातून निघताना बनुबाई उंबऱ्याशी येऊन या म्हणत असे. ती गेल्यावर मला या म्हणणारे कोणी उरले नव्हते.

सोमवार, ता. २२

आता दिवसातून अनेकदा उतरतो. काम नसले तरी उतरतो. वर येताना येतो म्हणतो, तो या म्हणतो. कधी बोरे पाण्याजवळ ठेवून येतो. सकाळी ती नसतात. खारी खात असतील.

वाईहून रमजान गवंडी कमानीचा चुना भरायला आला आहे. त्याच्याशी बोलत बसलो. फार दिवसांनी कोणाशी तरी बोललो. काम संपल्यावर तोही काठावर उभा राहून जातो म्हणाला. म्हणतो, घरी आईला कळले तर ती चपलेने मारील, पण इथे मी जातोच म्हणतो.

सोमवार, ता. २९

रमजानने आज तो आवाज ऐकला. हातातली थापी खाली पडली. म्हणाला, हा तर केरबाचा आवाज. मग त्याने सांगितले, माझ्या आधी केरबा इथे राखणदार होता. तोही येतो म्हणायचा. एके दिवशी दुपारी उतरला तो वर आलाच नाही. गळ टाकले, पाणी उपसले, काही सापडले नाही. आवाज तेवढा उरला. त्याची बायको धोंडुबाई या वाटेला येत नाही, आली की तो तिला हाक मारतो.

रमजानने मला हात धरून सांगितले, आत्ताच्या आत्ता जातो म्हणा आणि माझ्याबरोबर चला. मी तोंड उघडले. डोळ्यांपुढे हंबीरराव आला. नाही म्हणालो.

रमजान अर्धे काम टाकून गेला.

शुक्रवार, ता. २ फेब्रुवारी

वडूजला जायला निघालो. उन्हात बराच चाललो, फाटा दिसला, मोटारीचा भोंगा ऐकू आला. मग पाय गार लागले म्हणून खाली पाहिले तर मी पाण्यात उभा. बारवेत. पिशवी खांद्यावर तशीच.

मी येतो म्हणालो होतो ना. किती वेळा म्हणालो होतो.

मंगळवार, ता. ६

हंबीररावाचे पत्र. पायाला लागले म्हणून रजा मिळाली आहे. जिवंत आहे. खूप रडलो. शुक्रवारी सरळ इथेच येतो आणि मला घेऊन जातो, असे लिहिले आहे.

तो इथे येता कामा नये. त्याआधी मला सुटायला हवे. आता पोर लढाईबाहेर आहे, आता जातो म्हणायला हरकत नाही —

बुधवार, ता. ७

म्हणालो. भर दुपारी शेवटच्या पायरीवर उभा राहून स्पष्ट म्हणालो, जातो.

मग खालून केरबाचा आवाज आला. या म्हणाला नाही. म्हणाला, "येतो."

आणि मी — जन्माची सवय. कोणी येतो म्हटले की आपण काय म्हणतो? माझ्या तोंडून निघून गेले. या.

गुरुवार

आवाज गेला. ओठ हलतात, शब्द नाही. हरणाबाईला वाटले सर्दी. हळदीचे दूध दिले. खुणा केल्या, तिला कळेना. लिहून दाखवावे तर तिला वाचता येत नाही. मग बारवेतून माझा खोकला ऐकू आला. माझाच. तिने पेला टाकला आणि पळाली.

पाय आपोआप पायऱ्यांकडे वळतात. स्वतःला दाव्याने बाजेला बांधून घेतले आहे. गाठ घट्ट —

शुक्रवार

हंबीर आला. दारातून दिसतो. लंगडतो. काठावर थांबला. इकडे बघ, पोरा. तांब्या आपटला. बघत नाही. खाली बघतो आहे.

खालून हाक येते. हंबीर, ये बाळा. माझा आवाज.

गाठ सुटत नाही. मोठ्या अक्षरात लिहितो, पान फेकतो —

हंबीर खाली उतरू नको. तो मी नव्हे. मी वर खोलीत आहे. त्याला उत्तर देऊ नको. काही म्हणू नको, येतो म्हणू न

म्हणाला. आलो आबा म्हणाला. हंबीर मी इथे व