डाकेची वाट

आबा,

तुमची काठी उद्या परत जायची आहे. वरून हुकूम आला आहे की नसरापूरहून वेल्ह्याला टपाल आता मोटारीनं जाईल, तेव्हा डाकवाल्याचा पट्टा, पिशवी आणि घुंगरांची काठी पुण्याला जमा करावी. गावच्या शाळामास्तराकडंच टपालाचं काम असल्यामुळे जमा करणारा मीच. शाळा सुटली, पोरं घरी गेली, आणि मी ती काठी टेबलावर आडवी ठेवून लिहायला बसलो आहे. तुमच्यानंतर दोघांनी ती वापरली, तरी जिथं तुमची मूठ बसायची तिथलं लाकूड अजून काळं आहे. घुंगरं वाजू नयेत म्हणून मी त्यांना फडकं गुंडाळलंय. चाळिशीला आलेला बाप्या घुंगरांना भितो, हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

आज पोरांनी पुन्हा विचारलं, "गुरुजी, परमुलखात पळताना तुमाला काय झालं व्हतं?" मी नेहमीचं उत्तर दिलं, पायात गोळा आला. सव्वीस मैलांची शर्यत, देशोदेशींचे निवडक पुरुष, त्यांत आपल्या खोऱ्यातला मी, आणि ऐन वेळी पोटरीनं दगा दिला. इतकी वर्षं हेच सांगून ते मला असं पाठ झालंय की सांगताना पोटरी खरोखर दुखते. पोरं हळहळतात. मला त्यांची हळहळ घ्यायची लाज वाटते, पण घेतो.

तुम्हाला आठवतं का, मी सात-आठ वर्षांचा असताना तुम्ही मला काट्यात ढकललं होतं? तुम्ही पिशवी घेऊन येताय हे घुंगरांवरून कळलं आणि मी आनंदानं वाटेतच हात पसरून उभा राहिलो. पायवाट ती केवढी, एका माणसापुरती. तुम्ही थांबला नाहीत, वळलाही नाहीत. डाव्या हातानं मला करवंदीच्या जाळीत लोटलंत आणि छुन्‌ छुन्‌ करत चढ चढून गेलात. मी रडत घरी आलो. संध्याकाळी तुम्ही माझा पाय मांडीवर घेतलात, सुईनं एकेक काटा काढलात आणि म्हणालात, "घुंगरू ऐकलं की बाजूला व्हायचं. मागं बघायचं न्हाई, इचारायचं न्हाई. वाट डाकंची असती. बाप आला म्हून काय झालं?" आई चुलीपुढून म्हणाली, "लेकराला ढकलायचं व्हय वो?" तुम्ही पुढचा काटा शोधू लागलात. त्या रात्री ताटातला गूळ मात्र तुम्ही माझ्याकडं सरकवलात. तेव्हापासून घुंगरू वाजलं की माझे पाय आपोआप वाटेखाली उतरायचे. पुढं ढोरंसुद्धा उतरताना मी पाहिली, मग माझं काय मोठंसं.

पळणं मला तुमच्यामुळंच आलं. तुम्हाला हिवताप भरला की घरचा माणूस बदली चालायचा, आणि घरात दुसरा होता कोण? सोळाव्या वर्षापासून मी बदली जायचो. नसरापूरहून निघायचं, खिंडीतल्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी वेल्ह्याकडचा डाकवाला उभा असायचा, त्याच्या खांद्यावर पिशवी द्यायची आणि परत यायचं. एकदा तो तुम्हाला म्हणाला, "तुमचं पोरगं लई लवकर येतंय. मला तंबाकू मळायला बी टाइम देत न्हाई." तुम्ही हे घरी येऊन आईला दोनदा सांगितलंत. माझ्या तोंडावर एकदाही नाही.

पुढं भोरच्या शाळेतल्या मास्तरांनी मला खेळांत पळताना पाहिलं आणि पुण्याच्या निवडीच्या शर्यतीत माझं नाव घातलं. पहिल्या दोघांत येईल तो बोटीनं परदेशी जाणार. तुम्ही मोटारीच्या ड्रायव्हरला सांगून माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट मागवलेत. स्वतः जन्मभर अनवाणी पळालात. बूट बोटभर मोठे निघाले तर पुढं कापूस कोंबून दिलात आणि म्हणालात, "सायबांची पोरं बूट घालत्यात म्हनं. आपुन कुठं कमी पडाया नगं."

निघायचा दिवस भाद्रपदातला होता. पाऊस बारीक, पण उघडत नव्हता. तुम्ही उजाडलं तरी घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसला होतात. मी पाया पडलो. तुम्ही म्हणालात, "जा. मोटार चुकंल." मी गेलो. त्या दिवशी डाकेचा वार होता.

पुण्याला मी दुसरा आलो. तिसऱ्या दिवशी गावात उतरलो तर ती बातमी ऐकायला तुम्ही नव्हतात. मी निघालो त्याच दिवशी खिंडीतला वेल्ह्याकडचा डाकवाला दुपार टळेपर्यंत दगडापाशी थांबला आणि मग खाली शोधत आला. तुम्ही वाटेपासून दोन हात बाजूला, करवंदीच्या जाळीला टेकून बसला होतात. पिशवी मांडीवर. घोंगडी तिच्यावर घातलेली, तुमच्या अंगावर नाही. जीव जाताना बाजूला झालात, म्हणजे वाट अडू नये. त्या माणसानं आधी पिशवी उचलून वेल्ह्याला पोचवली आणि मग माणसं घेऊन तुमच्याकडं आला. त्याला मी कधी दोष दिला नाही. तुम्हीही तेच केलं असतं. मी पोचलो तोवर राख थंड झाली होती.

आईनं मला जवळ घेऊन एकच सांगितलं, "तुला काय ठावं व्हतं, बाबा? ठावं असतं तर तू गेला न्हसतास." ओटीवर बसलेले सगळे म्हणाले, व्हय, त्याला काय ठावं. त्या एका वाक्याच्या आधारानं मी बोटीत चढलो. आई जाईपर्यंत ते मला ऐकवत राहिली आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो.

आता शर्यतीचं सांगतो. दुतर्फा झाडं, रुंद काळा रस्ता, ऊन मात्र आपल्यासारखंच. वीस मैल झाले होते आणि पाय छान चालत होते, अगदी खिंडीचा चढ संपल्यावर चालायचे तसे. पुढं मोजून सहा माणसं होती, त्यांतली दोन लंगडायला लागलेली. अशात माझ्या मागं घुंगरं वाजली. नंतर पाहिलं तर रस्त्याकडेला उभी राहून एक म्हातारी घोड्याची घुंगरमाळ हलवून पळणाऱ्यांना उत्साह देत होती. पण ते नंतर. त्या क्षणी माझे पाय रस्त्याखाली उतरले. मी गवतात उभा राहिलो, मान खाली घालून. मागं बघायचं नाही, विचारायचं नाही. एकेक करून नऊ-दहा जण पुढं गेले. लोक ओरडून हात दाखवत होते, पळ म्हणून. म्हातारी आहे हे कळल्यावरही मी लगेच हललो नाही, आबा. तुम्ही जाल, मग निघू, असं मनात होतं. तुम्ही काही आला नाहीत. मैदानात शिरलो तेव्हा बाकं रिकामी व्हायला लागली होती. आम्हाला बोटीनं घेऊन आलेल्या संघाच्या पुढाऱ्यानं विचारलं, काय झालं? मी पोटरी धरून दाखवली.

गोळ्याचं खोटं पोरांसाठी असेल, पण त्याच्याआड मी दुसरं दडवलंय. हे पत्र पिशवीत घालता येत नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं आलेल्या टपालावर 'मयत, परत' असा शेरा मीच मारतो. हे पाठवलं तरी शेवटी माझ्याच टेबलावर परत यायचं. तेव्हा इथंच लिहून टाकतो आणि काठीचं फडकं सोडण्याआधी चुलीत घालतो.

त्या सकाळी पाया पडलो तेव्हा तुमचे पाय तव्यासारखे तापलेले होते. तुम्ही ते चटकन घोंगडीत ओढून घेतलेत. मी वर पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पिशवी मला न्यावी लागली असती.

मला ठावं व्हतं, आबा.